दोन जी, तीन टिंबं आणि एक पडणारा एल : एका खेळकर इटॅलिकचं प्रकरण

काम सांगायला सोपं होतं. हलत्या खेळण्यांचं एक फिरतं प्रदर्शन भरणार होतं. काही चावीची, काही दोरीची, काही तरफेची, काही नुसत्या वाऱ्यावर गरगरणारी. मुलांनी हात लावायचा, फिरवायचं, मोडलं तर मोडलं. नाव आयोजकांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. मराठीत ‘भिरभिरं’, इंग्रजीत ‘व्हर्लिगिग’. आमच्या वाट्याला आलं ते नावाचं अक्षरांकन, पोस्टर, दाराशी उभी करायची मोठी लाकडी अक्षरं, आतले दिशाफलक, वेबपान आणि प्रत्येक खेळण्याखालची चिठ्ठी.

पहिल्याच बैठकीत आयोजक ताई म्हणाल्या, “अक्षरं हलल्यासारखी वाटली पाहिजेत. पण कार्टून नको.”

‘पण कार्टून नको’ हे मी वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. त्या एका अटीनं निम्मे पर्याय तिथेच गळाले. फुग्यासारखी फुगलेली अक्षरं, उंचसखल बसवलेली अक्षरं, एक निळं एक पिवळं असली अक्षरं. ती हलत नाहीत, हलण्याचं सोंग आणतात. शिवाय मोठ्यांना मुलांसाठी काहीतरी करायचं असलं की हेच सुचतं, त्यामुळे ती आता मुलांची कमी आणि मोठ्यांची जास्त वाटतात. उरलं इटॅलिक. म्हणजे मथळ्यासाठी काढलेलं, जाड, गोलसर, थोडं आगाऊ असं इटॅलिक. इथून पुढची गोष्ट त्याच्या स्वभावाची आहे. टाइप, म्हणजे अक्षरांचा तयार संच, बाजारातला होता, नाव सांगत नाही, कारण जे घडलं ते या जातीच्या कुठल्याही टाइपबाबत घडलं असतं.

तिरपं आणि इटॅलिक

आमच्या कामात एक वाक्य रोज ऐकू येतं: “जरा इटॅलिक करून बघा ना.” म्हणणाऱ्याला अभिप्रेत असतं ते तिरपं करणं. उभं अक्षर उचलून बारा अंशांनी कलवलं तर ते वाऱ्यात उभ्या असलेल्या माणसासारखं दिसतं. वारा थांबला की पुन्हा सरळ. इटॅलिक हे मुळातच वेगळं अक्षर आहे. ते हाताच्या वेगातून आलं. १५०१ साली व्हेनिसमध्ये आल्दुस मानुतियुस या प्रकाशकानं व्हर्जिलच्या काव्याचं हातात मावेल असं पुस्तक छापलं, ते सबंध इटॅलिकमध्ये. त्याचे पंच, म्हणजे अक्षरांचे मूळ पोलादी ठसे, फ्रांचेस्को ग्रिफोनं कोरले होते. गंमत म्हणजे त्या पहिल्या इटॅलिकात कलती होती ती फक्त स्मॉल अक्षरं. कॅपिटल अक्षरं चक्क उभी होती. एखाद्या शब्दावर जोर द्यायला इटॅलिक वापरायची रीत नंतरची. सुरुवातीला ते स्वतःच्या जिवावर अख्खं पुस्तक पेलत होतं.

हाताचा वेग कुठे दिसतो? स्मॉल ‘ए’ एकमजली होतो, म्हणजे हातानं काढतो तसा, वरच्या आकड्याशिवाय. ‘एफ’ रेघेखाली पाय सोडतो. ‘के’ला गाठ पडते, ‘डब्ल्यू’चे कोपरे विरघळतात. ‘एन’ची कमान खांबाच्या वरच्या टोकातून न निघता पार खालून, बुडापासून उसळून येते. आणि प्रत्येक अक्षर आत येताना एक बारीक फटकारा घेऊन येतं, जाताना एक सोडून जातं. खरं चालणं या आत-बाहेर फटकाऱ्यांत असतं, कल केवळ त्याचा परिणाम. एक सोपी चाचणी मी नवख्या मुलांना करायला लावते. इटॅलिक शब्द घ्या, जेवढा कल आहे तेवढा उलटा देऊन अक्षरं सरळ उभी करा. तरीही ती धावताना दिसली तर इटॅलिक खरं. नुसती साधी उभी अक्षरं हाती आली तर समजा, कुणीतरी घाईत तिरपं करून ठेवलंय. याचा अर्थ तिरपं वाईट असा नाही. स्टॅन्ली मॉरिसन या इंग्रज टाइपतज्ज्ञानं १९२६ साली ‘उभ्या टाइपचा जोडीदार हा कलता उभाच असावा’ अशी बाजू गंभीरपणे मांडली होती. मजकुरात त्याला काही अर्थ होता. मथळ्यात मात्र असलं इस्त्रीचं तिरपेपण फार तर घाई दाखवतं, खेळ नाही.

मग खेळकरपणा कुठून येतो? माझ्या मते बहुतेक वेळा थोड्याशा अव्यवस्थेतून. अठराव्या शतकातला विल्यम कॅस्लनचा इटॅलिक बारकाईनं पाहिला तर त्याची कॅपिटल अक्षरं एकाच कोनात कललेली नाहीत. एक जास्त झुकलेलं, शेजारचं कमी. एखाद्या शिस्तप्रिय माणसानं ते नीट करून दिलं तर टाइप मरेल. त्याआधी सोळाव्या शतकात रोबेर ग्राँजाँच्या इटॅलिकात असाच जिवंत उडतेपणा होता. पुढे १९२२ च्या कूपर ब्लॅक या जाड टाइपला काही वर्षांनी इटॅलिक भाऊ मिळाला, आणि जाडजूड अक्षरसुद्धा गुबगुबीत चालीनं पळू शकतं हे दिसलं. १९७५ साली एड बेंगियाटनं आयटीसी बुकमन या टाइपला लांब शेपट्यांची पर्यायी अक्षरं दिली आणि त्या दशकानं ती मनसोक्त वापरली. २०१० साली पाब्लो इम्पायारीचा लॉब्स्टर हा टाइप फुकट मिळू लागला आणि इतका चालला की त्याचं हसू लवकरच सवयीचं झालं. दोष त्या टाइपचा नव्हता. चांगला विनोद सगळ्यांनी एकाच आठवड्यात सांगितला की असंच होतं. अलीकडचा, २०२० चा फ्रॉन्सेस हा टाइप तर हा वाकडेपणा मोजून देतो. त्याच्या व्हेरिएबल फॉन्टमध्ये, म्हणजे ज्याचं रूप वापरणाऱ्याला बदलता येतं अशा फॉन्टमध्ये, ‘वाँकी’ नावाचा एक अक्षच आहे, तो चालू केला की काही अक्षरं वात्रट रूप घेतात.

शब्द काय मागतो

फॉन्ट विकणारे नमुन्यासाठी नेहमी फॉन्टला शोभणारे शब्द निवडतात, आणि त्यांनी निवडावेत. आपण मात्र आपलाच शब्द लावून बघावा. ‘व्हर्लिगिग’ची अक्षरं अशी: डब्ल्यू, एच, आय, आर, एल, आय, जी, आय, जी. नऊ अक्षरं, त्यात तीन आय आणि दोन जी. इटॅलिक जिथे सगळ्यात जास्त नखरा करतं त्या ए, ई, एफ, के यांपैकी एकही इथे नाही. तीन टाइप भिंतीवर लावले, त्यातला माझा सगळ्यात लाडका त्याच्या ‘के’मुळे लाडका होता, आणि ‘के’ तर शब्दातच नव्हता. तो तिथेच बाद झाला. राहिलेल्यांपैकी ज्याचा ‘जी’ बरा तो घेतला. कल मोजला, १६ अंश. बराच आहे. रोजच्या मजकुराच्या इटॅलिकांपेक्षा जास्तच.

पहिली ठेच ‘एच’ला लागली. जुन्या वळणाच्या इटॅलिकात ‘एच’चा उजवा पाय खाली येऊन आत वळतो. दिसतो गोड. पण पाय जितका आत, तितका तो ‘बी’सारखा. आमच्या टाइपात मूळ ‘एच’ असाच होता. ऑफिसात आलेल्या एका शाळकरी मुलीला पोस्टरचा कागद दाखवला तर तिनं सरळ ‘वबिर्लिगिग’ वाचलं आणि विचारलं, हा कुठल्या भाषेतला शब्द? मोठी माणसं अडखळत नव्हती, कारण ती शब्द ओळखून मग अक्षरं बघत होती. मुलं अक्षरं लावून शब्द काढतात. फॉन्टमध्ये उघड्या पायाचा पर्यायी ‘एच’ होता, तो घेतला. एक स्टायलिस्टिक सेट, म्हणजे फॉन्टमधलाच पर्यायी अक्षरांचा गट, चालू करायचा, बस. पण तो सेट चालू करायला हवा हे त्या मुलीशिवाय कळलं नसतं.

मग जी. टाइपबरोबर ‘जी’ची चार रूपं आली होती: साधा, आखूड शेपटीचा, डावीकडे लांब शेपूट सोडणारा, आणि उजवीकडे उलटा फटका मारणारा. फुकट मिळालं की सगळं वापरावंसं वाटतं. पहिल्या खर्ड्यात दोन्ही जींना लांब शेपूट दिलं. मधल्या ‘आय’खाली दोन शेपट्या एकमेकींत अशा अडकल्या की बुटांच्या नाड्या एकत्र बांधल्यासारखं दिसायला लागलं. दुसऱ्या खर्ड्यात एक डावीकडे, एक उजवीकडे. आता शब्द दोन्ही बाजूंनी ओढला जात होता. तिसऱ्यात पहिला जी आखूड ठेवला आणि शेवटच्यालाच शेपूट दिलं. ते मागे वळून ‘लिगि’च्या खालून जाऊन थांबतं. शब्द वाचून झाला की नजर त्या शेपटीवरून घसरत परत मागे येते आणि पुन्हा शब्दाला लागते. म्हणजे फिरते. हेच हवं होतं. दोन जी सारखे नसावेत, यावर मी अडून बसले. हातानं लिहिणारा माणूस सलग दोनदा तेच अक्षर तसंच्या तसं लिहीत नाही. एकाच ठशाचे दोन जी शेजारी दिसले की हाताचा भास संपतो आणि यंत्र दिसायला लागतं. चांगल्या फॉन्टमध्ये यासाठी कॉन्टेक्स्चुअल अल्टरनेट्स असतात, शेजार पाहून रूप आपोआप बदलतं. पण आठ-नऊ अक्षरांच्या मथळ्यात त्यांच्यावर विसंबू नये. हातानं निवडावं.

टिंबांचं काय झालं तेही सांगते. तीन ‘आय’, तीन टिंबं. आयोजकांपैकी कुणालातरी वाटलं, तिन्ही टिंबांच्या जागी छोटी भिरभिरी बसवावीत. असं कुणालातरी नेहमी वाटतंच. मी नको म्हटलं, पण करून दाखवलं, कारण नुसतं ‘नको’ म्हटलं तर ती कल्पना दर बैठकीत परत येते. केल्यावर ती भिरभिरी राहिली नाहीत, तीन डोळे झाले. शब्द आपल्याकडे टक लावून बघतोय असं वाटायला लागलं. सगळे हसले, टिंबं परत आली. मूळ टाइपात ती किंचित लांबट आणि कलाच्या दिशेनं थोडी पुढे सरकलेली होती. तेवढंच पुरेसं होतं.

याच टप्प्यावर सगळी कॅपिटल करून बघायचीही मागणी आली. शेपट्यांच्या कॅपिटल अक्षरांचं म्हणजे स्वॉश कॅपिटलांचं काम शब्दाच्या तोंडाशी एकदा यायचं. नऊच्या नऊ तशी लावली तर गर्दीत सगळ्यांनी एकदम छत्र्या उघडल्यासारखं होतं. ते दाखवायला अर्धं मिनिट लागलं.

भिरभिरं तिरपं होत नाही

आता मराठी नाव. सगळ्यात सोपी वाट म्हणजे एखादा जाड देवनागरी टाइप घ्यायचा आणि १६ अंश कलवायचा. केलं. काय बिघडतं ते एकेक पाहण्यासारखं आहे. आडवं कलवताना अक्षराचा जो भाग जितका उंच, तितका तो जास्त सरकतो. शिरोरेघ आडवीच राहते, तिच्यावर काही परिणाम दिसत नाही, त्यामुळे वर शांत आणि खाली धावपळ असा विचित्र देखावा तयार होतो. पण शिरोरेघेच्या वर जे असतं ते सगळ्यात जास्त ढकललं जातं. ‘रं’वरचा अनुस्वार ‘र’ला सोडून पुढे निघून गेला, जणू तो पुढच्या कुठल्यातरी अक्षराचा आहे. आणि पुढे अक्षरच नव्हतं. ‘भि’च्या पहिल्या वेलांटीची कमान ‘भ’वरून सरकून ‘र’च्या डोक्यावर टेकायला लागली. ‘भ’ची गाठ अंड्यासारखी लांबट झाली. जाड-बारीकाचं गणितही फिरलं. देवनागरीचा बोरू जसा तासलेला असतो त्यानं येणारी जाडी रोमन लेखणीच्या उलट्या तिरक्या दिशेला पडते. रोमनच्या दिशेनं कलवलं की ती जाडी कुठेतरी पसरते, कुठेतरी दबते.

मुळात देवनागरीत हाताचा वेग कलण्यातून व्यक्त होत नाही. भरभर लिहिणारा हात अक्षरं गोल करतो, जोडतो, उचलणं टाळतो. मोडीकडे पाहा. आधी कागदभर रेघ मारून घ्यायची आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरं वाहवत न्यायची. वेग आहे, वळण आहे, पण पुढे झुकून पळणं नाही. मग आमच्या ‘भिरभिरं’ला रोमनचा कल उसना कशाला द्यायचा?

आम्ही कल सोडला आणि बाकीचं उचललं. जाडीचं प्रमाण इंग्रजी शब्दाइतकं. ‘जी’च्या कानाला जो टपोरा गोळा आहे, तोच गोळा ‘र’च्या खालच्या टोकाला. वेलांटीची कमान शेपटीच्याच वळणाची. आणि शब्दाचा खेळ शब्दातूनच घेतला. ‘भिर’ दोनदा येतं, तेव्हा दुसऱ्या ‘भिर’ची वेलांटी थोडी वर आणि जास्त फेकलेली काढली, पहिली दबलेली. बोलताना ‘भिरभिर’ म्हणून पाहा, दुसऱ्या ‘भि’ला आवाज आपोआप उचलतो. दोन्ही नावं शेजारी ठेवली तर सख्खी दिसत नाहीत, चुलत दिसतात. मला ते आवडतं. दोन लिप्यांना एकच कपडे घातले की त्यातल्या एकीला ते नेहमी तोकडे होतात.

वेबपानावर हा प्रश्न वेगळ्या रूपात परत आला. देवनागरी फॉन्टला इटॅलिक नव्हतंच, पण कुणीतरी मजकुरात जोर द्यायला इटॅलिकची खूण लावून ठेवली होती. अशा वेळी ब्राउझर गप्प बसत नाही, स्वतःच अक्षरं कलवून दाखवतो. तीच सरकलेली टिंबं, तेच अंडाकृती ‘भ’. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये फॉन्ट-सिंथेसिस, म्हणजे ब्राउझरनं स्वतः अक्षरं कलवणं, बंद करून जोर द्यायला ठळक वजन नेमलं. पाच मिनिटांचं काम. पण हे न केलेली पानं रोज दिसतात.

एल पडतो

मला वाटलं होतं, कठीण भाग संपला. मग सुतार आले.

दाराशी उभी करायची अक्षरं प्लायवूडची होती. सगळ्यात उंच अक्षर एल, ६० सेंटिमीटर, त्याच्या खांबाची रुंदी ९. आर्टवर्क पाहून सुतारांनी दोन बोटांनी एल तिरका धरल्यासारखं हवेत दाखवलं आणि म्हणाले, “मॅडम, हा उभा राहणार नाही.” मी म्हटलं, स्क्रूनं पक्का करू. ते म्हणाले, “करू. पण तो पडायला बघणार, आणि मुलं लटकणार.”

घरी येऊन हिशेब केला तर त्यांचं सरळ खरं होतं. १६ अंशाच्या कलानं ६० सेंटिमीटर उंच खांबाचं डोकं पायापेक्षा सुमारे १७ सेंटिमीटर पुढे जातं. वजनाचा मध्य त्याच्या निम्म्यानं म्हणजे साडेआठ सेंटिमीटर पुढे. आणि पाया मध्यापासून पुढे फक्त साडेचार. म्हणजे वजन पायाच्या बाहेर. कागदावर ज्याला आपण ‘गती’ म्हणतो ती लाकडात ‘पडणं’ असते. एलच्या बुडाशी बाहेर जाणारा फटकारा असतो, त्याचा आधार मिळेल असं वाटलं होतं. पण इटॅलिकचा फटकारा जमिनीवर टेकत नाही, तो वर वळून पुढच्या अक्षराकडे हात पुढे करतो.

उत्तर तिथेच होतं. हात पुढे केलाय तर तो धरू द्यावा. ‘एच’ आणि ‘आय’ एका फळीत, ‘आर-एल-आय’ एका फळीत, ‘जी-आय’ एका फळीत. डब्ल्यू आणि शेवटचा जी सुटे. एलचा फटकारा लांबवून ‘आय’च्या पोटात शिरवला, ‘आर’चा कान एलच्या खांबाला टेकवला. तिघं मिळून उभे राहिले, तरी खाली पट्टी आणि बोल्ट लावलेच, कारण लटकण्याबद्दल सुतारांचं म्हणणं मला विसरायचं नव्हतं.

छपाईच्या शिशाच्या खिळ्यांच्या, म्हणजे एकेका अक्षराच्या सुट्या ठशांच्या दिवसांत हेच होत होतं. इटॅलिकच्या ‘एफ’चं डोकं खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबायचं. शेजारच्या खिळ्यावर आदळलं की तुटायचं. म्हणून ‘एफ-आय’ सारखी जोडअक्षरं एकाच खिळ्यावर ओतत. आज आपण अशी जोडअक्षरं, म्हणजे लिगेचर, शोभेसाठी लावतो. त्याचं मूळ मोडतोडीत आहे. पाचशे वर्षांनी प्लायवूडनं मला ते पुन्हा शिकवलं, आणि मी ते पुस्तकात कितीदा वाचलं होतं कोण जाणे.

जीचा प्रश्न निराळा. त्याचं शेपूट रेघेच्या खाली जातं, आणि जमिनीखाली जायची सोय नव्हती. म्हणून सगळा शब्द चौथऱ्यावर चढवला आणि शेवटच्या जीचं शेपूट चौथऱ्याच्या कडेवरून खाली लोंबत ठेवलं. उघडण्याच्या दिवशी दिसलं की मुलांना बाकीच्या अक्षरांशी काही देणंघेणं नाही. सगळी त्या शेपटीत जाऊन बसत होती.

‘भिरभिरं’ला मात्र चौथरा लागलाच नाही. देवनागरी उभी राहत नाही, ती टांगलेली असते. शिरोरेघेच्या जागी एक लोखंडी दांडी लावली आणि ‘भि’, ‘र’, ‘भि’, ‘रं’ कड्यांना अडकवली. अनुस्वार दांडीच्या वर पक्का बसवला. हवा आली की अक्षरं डुलतात. इंग्रजी शब्द स्थिर असून धावतो, मराठी शब्द न कलता खरोखर हलतो. आखताना हे ठरवलं नव्हतं. दोन लिप्या कुठून धरायच्या हे त्यांच्या बांधणीतच होतं, आम्ही फक्त तिथे धरलं.

कुठे काढून टाकलं

खरी चूक आत झाली. नाव एवढं छान जमल्यावर आम्ही तोच टाइप सगळीकडे लावला. दालनांची नावं, फलक, साठेक खेळण्यांच्या चिठ्ठ्या. मांडणी झाल्यावर मी दारातून आत गेले, तिसऱ्या खेळण्यापाशी माझं वाचणं थांबलं. प्रत्येक चिठ्ठी ‘बघा मी किती मजेशीर’ म्हणत होती, आणि मजेशीर तर खेळणं असायला हवं होतं. खेळकर टाइप लहान आकारात आणखी बिघडतो. मथळ्याच्या मापाला शोभणारे बारीक दुवे १२ पॉइंटला उडून जातात, गोळे मात्र टिकतात, मग ओळीभर काळे ठिपके दिसतात. चिकटणाऱ्या व्हिनायलमधून कापलेल्या अक्षरांत तर ते बारीक दुवे नखानं निघाले. ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशन आपल्या शैलीसूचनांत मजकुरात इटॅलिक टाळायला सांगते, आणि मुलांच्या प्रदर्शनात ही सूचना माझ्या डोळ्यांसमोर आधीपासून असायला हवी होती. चिठ्ठ्या एका साध्या, उभ्या, गोलसर सॅन्समध्ये, म्हणजे टोकांना फटकारे नसलेल्या टाइपात, पुन्हा छापल्या. माझी सहकारी रात्री बसून त्या चिकटवत होती आणि मला काही बोलली नाही, म्हणजे बरंच बोलली.

दिशाफलकांनी तर मला चकवलंच. ‘पाण्याची खेळणी’ डावीकडे. बाण डावीकडे. वर इंग्रजी शब्द उजवीकडे झुकलेला, म्हणजे निघालेला. लोक क्षणभर थबकत. कललेल्या अक्षराला स्वतःची दिशा असते हे मी इतक्या वर्षांत कधी शब्दांत मांडलं नव्हतं. एकट्या मथळ्यात ती दिशा कुणाशी भांडत नाही. बाणाशेजारी भांडते. उजव्या फलकांवर तो टाइप शोभून दिसत होता म्हणून फक्त डावे बदलायचा मोह झाला. पण मग अर्धे असे आणि अर्धे तसे. सगळेच बदलले.

शेवटी टाइप उरला तो चार जागी: दारावर, पोस्टरवर, तिकिटावर आणि वेबपानाच्या माथ्यावर. तिकिटावर तो फक्त ‘जी’ म्हणून आहे, शेपटीसकट, बाकी सगळं साधं. तिकीट फाडायची जागा शेपटीच्या टोकाशी येते.

दुसऱ्या मुक्कामी चौथरा बुटका निघाला. पहिल्याचा २५ सेंटिमीटर होता, हा जेमतेम १५. शेवटच्या जीचं शेपूट जमिनीला टेकून अक्षर वर उचललं जायला लागलं. सुतारांचा फोन आला, “मॅडम, शेपूट कापू का?” मी नको म्हटलं. त्यांना पहिल्या आखूड जीची फाइल पाठवली, त्यांनी संध्याकाळपर्यंत तसाच दुसरा कापून लावला. म्हणजे आता दोन्ही जी एकाच ठशाचे आहेत, ज्यावरून मी दोन बैठका खाल्ल्या होत्या. अजून कुणी काही म्हणालेलं नाही, आयोजक ताईसुद्धा नाहीत. शेपटीचा जी ऑफिसात परत आलाय, भिंतीला न टेकता उभा आहे. स्वतःच्या शेपटीवर बसलाय तो.